आधी पाणी की आधी दिवा

नाना, तुमच्याविषयी एक तक्रार बरेच दिवस मनात आहे, ती आधी नोंदवून घ्या. तुम्ही निवृत्त होताना मला जो टेस्टर दिलात, त्याच्या क्लिपला एका बाजूनं धार आहे. तुमच्या खाकी शर्टाचा खिसा म्हणजे तंबूचं कापड, त्याला काही झालं नाही. माझे शर्ट मात्र एकजात डाव्या खिशाशी फाटतात. आमच्या घरात तुमचं नाव निघतं ते याच कारणानं. बायको सुईत दोरा ओवता ओवता म्हणते, "तुमच्या नानांनी देताना जरा कानस मारून दिली असती तर काय बिघडलं असतं?" मी म्हणतो, गुरूनं दिलेल्या वस्तूला कानस लावू नये. त्यावर ती जे म्हणते ते संस्कृतात बसत नाही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तेव्हा उत्तराची घाई नाही.

पण खिशासाठी कुणी पत्र लिहायला बसत नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. मी गोंधळलो आहे, नाना. एक गोष्ट तुम्ही मला नेमकी कशी शिकवलीत, ते मला आठवत नाही, आणि ते सांगू शकेल असं दुसरं कुणी उरलेलं नाही.

धुळ्याच्या पाठशाळेत सहा वर्षं काढून मी तुमच्याकडे आलो होतो. वडिलांची इच्छा, मी चार घरच्या पूजा धराव्यात. माझं लक्ष मात्र मंत्रांपेक्षा पाठशाळेच्या करकरणाऱ्या पंख्याकडे. पुढे आयटीआयचा कागद मिळवला आणि शाळा चालवणाऱ्या आपल्या संस्थेत वायरमन म्हणून चिकटलो. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या शेंडीच्या अवशेषाकडे पाहिलंत आणि विजेच्या बोर्डाकडे बोट करून म्हणालात, "या पंडित. आठली देवता जागृत शे. निवद चुकना का लगेच परसाद देस." तेव्हापासून मी सगळ्यांचा पंडित झालो. धड पंडित नाही आणि वायरमन म्हणूनही पुरता नाही, अशा माणसाला शोभणारं नाव. त्याच आठवड्यात मी चालू बोर्डात दोन्ही हात घातले आणि तुम्ही पकडीच्या मुठीनं माझ्या मनगटावर असा टोला दिलात की जेवताना घास उचलेना. "डावा हात कमरेमांगे ठेव. पूजा उजव्या हातानं करतस ना? मंग हायीबी पूजाच समज." ते मी समजलो. जरा जास्तच समजलो असेन, अशी आता शंका येते.

शाळेत शिरलं की तुम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीकडे वळत नसायचात. आधी इमारतीच्या मागे, अर्थिंगच्या खड्ड्याकडे. जमिनीत पुरलेली ती पट्टी, तिच्याभोवती कोळसा आणि मीठ. कुठल्या यंत्रातून वीज गळलीच तर ती लेकरांच्या अंगातून न जाता या वाटेनं गुपचूप जमिनीत उतरावी म्हणून केलेली सोय. वाट ओली असेल तरच चालते, वाळली की बंद. तुम्ही बादलीभर पाणी खड्ड्यात ओतायचात आणि मगच स्वतः तांब्याला तोंड लावायचात. "पंडित, पहिले धरतीले पाज, मंग तू पे." आणि मग तो शंभर वॅटचा दिवा. त्याची एक वायर फेजला, म्हणजे वीज येते त्या तारेला, एक अर्थिंगला. भक्क पेटला तर वाट मोकळी, मिणमिणला तर वाट अडली. मला हे सगळं फार आवडलं. सकाळी जमिनीवर पाय टेकवण्याआधी तिची क्षमा मागायला पाठशाळेत शिकलो होतो, आणि इथे एक खाकीतला माणूस तिला रोज पाणी देत होता.

तुमच्यानंतर शाळा वाढल्या. तुमच्याकडे धुळ्यात चार आणि धरणगावकडे तीन होत्या. सायकल आणि एसटी मिळून दर आठ दिवसांनी प्रत्येक शाळेत तुमची फेरी व्हायची. माझ्याकडे रावेरपासून पिंपळनेरपर्यंत एकेचाळीस आहेत, आणि एका शाळेत वर्षातून एकदा पोचलो तरी तिथले लोक सत्कार करायच्या बेतात असतात. वेळ वाचावा म्हणून मी एक पद्धत पाडली. आदल्या दिवशी फोन करायचा: "उद्या येतोय, सकाळी खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाकून ठेवा." शिपाई मंडळी हे व्रतासारखं पाळतात. मी जातो, दिवा लावतो, दिवा सूर्यासारखा पेटतो, आणि मी वहीत सुवाच्य अक्षरात लिहितो: अर्थिंग समाधानकारक. खाली सही.

धरणगावच्या पुढे एका खेड्यात आपली शाळा आहे. तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी वर्षभरात मला तीनदा बोलावलं. पाण्याच्या कूलरला हात लावला की मुलांना मुंग्या येतात, ही त्यांची तक्रार. तिन्ही वेळा फोन करून गेलो, तिन्ही वेळा दिवा भक्क पेटला, टेस्टर कूलरला लावला तर तो ढिम्म. तिसऱ्यांदा मी मोठ्या शहाणपणानं म्हणालो, "बाई, हात ओले असले की भास होतो." त्या म्हणाल्या, "भास एखाद्याला होतो भाऊ, अख्ख्या सहावीला होत नाही." मी हसलो. इतकंच नाही, त्या शाळेची मुलं वर्गाबाहेर काढलेल्या चपला पाणी प्यायला जाताना आठवणीनं घालतात, हे पाहून मी अभिप्रायाच्या वहीत लिहून आलो की अशी शिस्त इतरत्र दिसत नाही.

गेल्या सोमवारी दुसऱ्या शाळेचं काम लवकर आटोपलं, परतीची गाडी त्याच फाट्यावरून जात होती, म्हणून न कळवता उतरलो. एप्रिलचं ऊन, सकाळची शाळा, मैदानातली काळी माती भेगाळून हात जाईल एवढी फाटलेली. तहान लागली होती. बूट पायरीशी काढून कूलरकडे निघालो तर पाठीमागून एक सहावीतली मुलगी ओरडली, "सर, पायात घाला! बिनचपलेचं पाणी प्यायलं की हात धरतो तो." मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? "मोठ्या ताईंनी." आणि त्यांना? "त्यांच्या मोठ्या ताईंनी." ती हे इतक्या साधेपणानं सांगते आहे, जणू चुलीजवळ जपून बसावं एवढंच सांगते आहे. मी टेस्टर काढला, कूलरच्या अंगाला टेकवला, आणि तुमचा तो म्हातारा टेस्टर लाल झाला.

दिव्याची वायर घेऊन मागे गेलो तर शाळेचे शिपाई आबा रिकामी बादली हलवत धावत आले. "थांबा भाऊ, थांबा! तुम्ही कळाडं नही. खड्डामा पानी टाकनं बाकी शे." मी म्हटलं, आज नको, तसाच दिवा लावू. कोरड्या खड्ड्यावर दिवा, हे त्यांना अशुभच वाटलं. "कोल्ल्या खड्डावर कसा दिवा पेटी? दोन बादल्या टाकी देस मी, मंग लावा." मी विचारलं, एरवी किती दिवसांनी टाकता? "एरवी काबरं? तुम्ही येतस तवयच टाकतस ना. बठ्ठा गावले पेवाले पानी पुरत नही, खड्डाले रोज कथाईन आनू?" मी दिवा जोडला. पेटला, पण कसा, तर देवघरात तेल संपत आल्यावर समईची वात राहते तसा. खड्ड्यातली माती आक्रसून पट्टीपासून सुटली होती. पाऊस सोडला तर फक्त मी येणार त्या दिवशी, माझ्या स्वागतापुरती, ती ओली व्हायची.

कूलर तिथल्या तिथे बंद केला, आतली गळती शोधली, खड्डा नव्यानं भरायला सांगितला. बाईंना खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "म्हणजे पोरं बरोबर होती." तेव्हापासून मी एकच दृश्य आठवायचा प्रयत्न करतो आहे. धुळ्यातली शाळा, मागचं अंगण, तुम्ही उकिडवे बसलेले, हातात दिवा, शेजारी बादली. ती बादली भरलेली आहे की रिकामी? कधी भरलेली दिसते, आणि तुम्ही आधी कोरड्या खड्ड्यावर दिवा लावून, मान हलवून, मग पाणी ओतताना दिसता. कधी ती रिकामी दिसते, म्हणजे पाणी आधीच ओतून झालेलं. पाठशाळेत मी शिकलो की कुठल्याही कर्माच्या आरंभी आचमन, पाणी आधी, बाकी सगळं नंतर. तुम्ही "हायीबी पूजाच समज" म्हणालात आणि मी तुमच्या कामाला माझा क्रम लावला, असं तर झालं नाही ना? की तुम्हीच पाणी आधी टाकत होतात, आणि आठ दिवसांनी पुन्हा यायचात म्हणून तुमचा खड्डा कधी वाळलाच नाही, चूक कधी उघडी पडलीच नाही? दोष तुमच्यावर ढकलायला मला आवडेल, हे लपवत नाही. पण बादली काही केल्या स्थिर होत नाही.

या आठवड्यात न कळवता सात शाळांत गेलो. चार ठिकाणी दिवा मंद. उरलेल्या शाळा पावसाच्या आत पाहायला हव्यात, कारण पाऊस पडला की सगळे खड्डे ओले होतील, सगळे दिवे भक्क पेटतील आणि मी पुन्हा पुढच्या एप्रिलपर्यंत विद्वान ठरेन. संस्थेच्या कार्यालयाला अर्ज लिहायचा आहे की माझ्या सहीच्या नोंदी धरू नयेत. तीनदा 'महोदय' लिहिलं आणि पुढे सरकलो नाही. चौथ्या कागदावर 'नाना' लिहिलं, तर हे एवढं झालं. हे कुठे टाकायचं नाही. पिशवीत टेस्टरशेजारी राहील.

एक सांगायचं राहिलं. राहिलेल्या सगळ्या शाळांना मी मंगळवारीच फोन करून कूलर बंद ठेवायला सांगितलं आहे. कारण विचारल्यावर म्हणालो, "वार्षिक देखभाल." खरं कारण सांगितलं असतं तर कूलर पुन्हा सुरू करायला कुणी बटणाला हात लावला नसता. देखभालीला कोण भितो? ऊन वाढतंय, मुलं पाणी मागतील, आणि कुणीतरी भला शिपाई दया येऊन कूलर सुरू करील. त्या शाळांतल्या मुलांना चपला घालायला कुणी शिकवलं आहे की नाही, मला माहीत नाही.