युफोनियम, मी आणि बाकीचे फितूर

३ मार्च, मंगळवार
सोलो मला मिळाला! अठ्ठावीस तारखेच्या कार्यक्रमात युफोनियमचा (फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य) पाऊण मिनिटाचा सोलो आहे आणि आमच्या हौशी बँडमध्ये युफोनियम एकच, माझं. बँडमास्तर म्हणाले, दुसरा इलाज नाही. माणूस कौतुकात कंजूष, पण मनाने मोठा.

लगेच दादाला फोन. थोरला भाऊ, पण गेली सहा वर्षं माझ्या वाद्याला भोंगा म्हणतो. येतो म्हणाला. आई त्याच्याकडे असते, तिला आता जिने उतरवत नाहीत, त्यामुळे ती येणार नाही. हरकत नाही. दादाचं तोंड बंद झालं की भरून पावलो.

संकल्प : रोज सकाळी सहा ते सात रियाज. अपवाद नाही.

४ मार्च, सकाळी ८.१०
गजर हिने बंद केला. हिचं म्हणणं, तुम्हीच केलात आणि वर मला दटावलंत. बायकोच अशी उलटल्यावर कलावंताने जायचं कुठे?

९ मार्च
रियाज अकरा मिनिटं. वरच्या मजल्यावरचे शिक्षक खाली आले. पाईप तुंबलाय का, प्लंबरचा नंबर देऊ का, असं विचारून गेले. दहा वर्षांचा शेजार! साधे कान नाहीत माणसाला.

१० मार्च, मंगळवार
प्रॅक्टिस. सोलोतला सगळ्यात वरचा सूर निसटला. कारणं : ओठ कोरडे, व्हॉल्व्ह कोरडे, हवा कोरडी. बँडमास्तरांनी डोळे घट्ट मिटले होते. तल्लीन झाले असावेत.

निघताना ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या डॉक्टरबाई (दातांच्या) माझाच सोलो गुणगुणत होत्या. लोकांच्या तोंडी बसला म्हणायचा!

१७ मार्च, मंगळवार
ही मला न्यायला हॉलवर आली होती. एका कोपऱ्यात बँडमास्तरांशी हळू आवाजात बोलत होती. मी जवळ जाताच दोघं गप्प. माझा वाढदिवस दोन महिन्यांवर आलाय. काहीतरी शिजतंय. मी काही पाहिलंच नाही असं दाखवलं.

तो वरचा सूर अजून लागत नाही. दोष व्हॉल्व्हच्या तेलाचा आहे. दुकानदाराने पातळ तेल गळ्यात मारलं.

२४ मार्च, मंगळवार
शेवटची प्रॅक्टिस. सोलो आला तसे बँडमास्तर म्हणाले, आज राहू द्या, ओठ जपा. एवढी काळजी सख्ख्या भावाने केली नाही. मग पुन्हा पुन्हा बजावलं, आता वाद्य उघडू नका, आहे तसंच घेऊन या.

बँडमास्तरांचा वाद्यांच्या निगेचा अभ्यास कमी आहे.

२८ मार्च, सकाळी ९.३०
वाद्याला कोमट पाण्याने आंघोळ घातली. आतून हिरवट काहीतरी निघालं. हाच तो वरचा सूर अडवून बसला होता! बोटांखालचे तिन्ही व्हॉल्व्ह टॉवेलवर काढून पुसले, तेल दिलं. कन्या म्हणाली, बाबा, त्यांच्यावर एक-दोन-तीन आकडे कोरलेत, बघून घाला. म्हटलं, आकडे नवशिक्यांसाठी असतात, माझा हात सांगतो. घातले. चकाचक.

फुंकून पाहिलं नाही. ओठ जपायचेत. हॉलवरही फुंकणार नाही, थेट सोलोच.

२९ मार्च
फितुरी. दुसरा शब्द नाही.

काय घडलं ते मांडून ठेवतो. सोलोला उभा राहिलो. तिसऱ्या रांगेत दादा. छाती भरून फुंकलं. हवा आत जाईचना, भिंतीवर फुंकल्यागत झालं. पण सूर तर आला! गोल, भरदार, काय सांगू. अंगावर काटा आला. मनात म्हटलं, शेवटी हे आपल्यात होतंच. डोळे मिटले, मान डोलवली. वरचा सूरसुद्धा अलगद लागला. मग मी श्वास घ्यायला थांबलो आणि सूर चालूच राहिला.

मागे वळलो. डॉक्टरबाई. ट्रॉम्बोन ओठाला, समोर माझ्या सोलोचा कागद, बँडमास्तरांच्या अक्षरात, कोपऱ्यात तारीख : १० मार्च. म्हणजे अठरा दिवस हे सगळे मला हसतमुखाने ओठ जपायला सांगत होते! हिला विचारलं. म्हणाली, हो, नऊ तारखेलाच फोन करून मीच म्हटलं त्यांना, दादांसमोर तुमची फजिती नको. घरच्या माणसाने असा घात केला. रडू आलं, ते इथे लिहितो, बाहेर कुणाला दाखवलं नाही.

आणि दादा! कार्यक्रम संपल्यावर त्याने कडकडून मिठी मारली. जन्मात पहिल्यांदा. म्हणाला, तू मध्येच श्वास घेतलास तरी सूर तुटला नाही, कसं जमवलंस रे? डॉक्टरबाई शेजारीच ट्रॉम्बोन पुसत होत्या.

मी म्हणालो, रियाज.

त्या पुसतच राहिल्या.

३० मार्च
वाद्य दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने पहिल्या घरातून तिसरा व्हॉल्व्ह काढला आणि तिसऱ्यातून पहिला. अशाने हवा जाणारच नाही म्हणाला. कोणी केलं विचारलं. म्हटलं, घरातच शत्रू आहेत.

परत येताना हाताकडे बघत होतो. हासुद्धा फितूर.

संकल्प : बँड सोडला. बँडमास्तरांशी या जन्मी एक शब्द बोलणार नाही. डॉक्टरबाईंचं तोंड बघणार नाही.

३१ मार्च, मंगळवार
प्रॅक्टिसला गेलो नाही. कुणी विचारलंही नाही का आला नाहीस म्हणून.

दुपारी दादाचा फोन. रविवारी वाद्य घेऊन ये, तेवढा तुकडा आईला ऐकव, दोन दिवस तिला दुसरा विषय नाही. मी म्हटलं, ओठ दुखावलेत. तेवढ्यात आईनेच फोन घेतला. म्हणाली, मला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून खुर्ची अगदी तुझ्यासमोर लावून घेते, हाताच्या अंतरावर. म्हणाली, तू लहानपणी काहीच धड पुरं करत नव्हतास रे, मला फार काळजी वाटायची. आता नाही वाटत.

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी ६.१५
बँडमास्तरांना मेसेज केला : डॉक्टरबाईंचा नंबर पाठवा. दात दुखतोय.