ब्रेकचा आवाज

बाबा,

गाडी काल गॅरेजला टाकली. महिनाभर तुम्ही म्हणताय, "आवाजबिवाज काही नाही, तुझ्या मनाचे खेळ." ब्रेक पॅड पार झिजलेत, लोखंडाला लोखंड घासतंय. तुमच्याच हाताखाली शिकलेल्या मेकॅनिकने गाडी फाटकातून आत येतानाच ओळखलं. म्हणाला, "उस्ताद तर नुसतं ऐकून दुखणं सांगायचे, त्यांना कसं कळलं नाही?" मी सांगितलं, हल्ली तुम्ही गाडी चालवत नाही. चिमीला रोज शाळेत कोण सोडतं, ते मात्र बोलले नाही.

आज लेकीला मीच नेतेय. चारला तयार राहा, कुठे जायचं ते वाटेत सांगेन. चिडू नका.

निघताना दारातून तीनदा हाक मारली. तुम्ही पाठमोरे बसून पेपर वाचत होतात. चौथ्यांदा मारायचा धीर झाला नाही, म्हणून ही चिठ्ठी.