पुस्तकात नसलेलं वाक्य

३ सप्टेंबर १८८४, बर्गेन
लागली एकदाची नोकरी! नाटकगृहात प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, पायऱ्या उतरून एक खोकं आहे. त्यात बसायचं, डोकं तेवढं वर, आणि कुणी अडलं की वाक्य कुजबुजायचं. मॅनेजर क्रोपेलिन म्हणाले, बोर्गहिल्डबाई, प्रेक्षकांना तुमचं तोंड दिसायचं नाही, तेव्हा टोपीवर खर्च करू नका. भारीच विनोदी गृहस्थ. बंदराजवळ खोलीही मिळाली. जिन्यात हेरिंग मासळीचा वास येतो, पण एकटीला ऐसपैस आहे.

८ सप्टेंबर
नव्या नाटकाच्या तालमी सुरू. आग्नेता मारकुट्या नवऱ्याचं घर सोडून जाते, एवढंच नाटक. पण क्रोपेलिनना धास्ती, की सभ्य मंडळी मध्येच उठून जातील. म्हणून शेवट बदललाय. आता ती उंबऱ्यावरून मागे फिरते आणि गुडघे टेकून माफी मागते. नव्या शेवटाच्या प्रती मीच काढल्या, अक्षर झकास आलं. आग्नेताचं काम करणारी वालबोर्ग म्हणाली, मार खाल्ला तिने आणि माफीही तिनेच मागायची का गं? सगळे हसले. मीही हसले.

११ सप्टेंबर
वालबोर्ग माफीच्या वाक्यावरच अडते. आज मी वाक्य देणार, तोच खोक्यात कुणीतरी कुजबुजलं. परत जा, चार दिवस सहन कर. नाटकाच्या पुस्तकात असं काही नाही. आणि खोक्यात दुसरं माणूस मावत नाही.

१३ सप्टेंबर
पुन्हा तेच. हे शब्द माझ्या ओळखीचे आहेत. लिहायची लाज वाटते, तरी लिहिते. सहा वर्षांपूर्वी माझी बहीण तोर्दिस फुटलेला ओठ घेऊन माझ्या दारात आली होती. शेजारीण खिडकीतून बघत होती, म्हणून मी तिला आत घेतलं नाही. परत जा म्हटलं, चार दिवस सहन कर. तिने ऐकलं. नवव्या दिवशी ती फ्योर्डच्या खाडीत सापडली. पाय घसरला, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. आता तीच आली असणार.

१७ सप्टेंबर
वालबोर्गला विचारलं, खोक्यातला आवाज तुलाही ऐकू येतो का.  म्हणाली, अगं, तूच तर बोलतेस, ओठ दिसतात मला तुझे.
खोक्यात तोर्दिस आलीच नव्हती. ती आली असती तर बरं झालं असतं.

१९ सप्टेंबर
वालबोर्गच्या मानेवर काळेनिळे वळ. रंग लावून झाकलेत. नवऱ्याने — मला आधी कळायला हवं होतं. रविवारी तो चर्चला गेला की निघते म्हणाली, तुझ्याकडे येऊ का? मी नुसती होकाराची मान हलवली. तोंड उघडायची हिंमत —

२१ सप्टेंबर, रविवार सकाळ
आरशासमोर सराव करतेय. आत ये. दोनच शब्द. मनात नीट येतात. तोंडातून येतं ते खोक्यातलंच —

जिन्यात पावलं.

दार वाजतंय. दार उघडलं की तोंड उघडणार. नको. याच पानावर चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवते, हात तरी माझं ऐकेल —
वालबोर्ग, दार नुसतं लोटलंय, आत
वालबोर्ग, परत जा
नाही, हे नाही
परत जा. चार दिवस सह