कोरड्या लोकरीबद्दल

मी, वय एकाहत्तर, धंदा लोकर पिंजून गाद्या भरणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मोतीबिंदू डोळ्यांना आहे, डोक्याला नाही.

१. घर, मागचा कारखाना, पिंजण्याचे यंत्र व बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला, विनाअट. चुलतभावाला माझा दाभण. आयुष्यभर लोकांना टोचून बोलला, निदान हत्यार तरी चांगले असू दे.

२. हे पाकीट माझ्या मृत्यूनंतरच उघडावे. कारण पुढे आहे.

३. एकतीस वर्षांपूर्वी समोरच्या गवंड्याने धाकटीला मागणी घातली. ती घाबरली. आमच्या पवित्र शास्त्रात, जुन्या करारात, लढाईला कचरणाऱ्या एकाने खळ्यात लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली होती. सकाळी लोकर दवाने चिंब, जमीन कोरडी. धाकटीनेही मला न सांगता संध्याकाळी अंगणात लोकर ठेवली. ओली झाली तर होकार. आमच्या धंद्यात दव लागलेली लोकर म्हणजे कुबट गादी. कारखाना बंद करताना ती उघड्यावर दिसली, मी सवयीने ताडपत्री टाकली आणि पहाटे सवयीनेच काढली.

"कोरडी आहे गं ताई," धाकटी म्हणाली. "देवानं नाही म्हटलं."

"कशाला नाही?"

तिने सांगितले तेव्हा ताडपत्री माझ्या काखेत होती. ती मी कारखान्यात नेऊन ठेवली आणि खरे लपवले. ही गेली तर मी एकटी पडेन, असे मनात आले. खरे कारण एवढेच, दुसरे शोधू नये.

४. पुढे मन खाऊ लागले म्हणून ती गोष्ट मी स्वतः वाचली. त्या माणसाने दुसऱ्या दिवशी उलटी खूण मागितली होती: लोकर कोरडी, जमीन ओली. तीही मिळाली. म्हणजे ओली लोकरही होकार आणि कोरडीही होकार! तू जिंकशील हा देवाचा शब्द तर त्याला लोकरीआधीच मिळाला होता; खूण फक्त धीर द्यायला. मग वाचतच गेले. प्रलयानंतर ढगात सप्तरंगी धनुष्य ठेवले, ते देवाने स्वतःचे वचन आठवावे म्हणून. नव्या करारात मेंढपाळांना खूण मिळाली ती गव्हाणीत निजवलेल्या तान्ह्याची. हटून खूण मागणाऱ्यांना मात्र हात हलवत परत पाठवले. माझ्या अडाणी मते खूण म्हणजे हुकूम नव्हे, दिलेल्या शब्दाची आठवण. गवंड्याने शब्द दिला होता. अजून बिनलग्नाचा आहे आणि दर वर्षी न सांगता आमचे छप्पर दुरुस्त करून जातो. याहून मोठी खूण कुठून आणायची?

५. ती ताडपत्री धाकटीला. तिने ती माझ्या तोंडावर फेकावी तर मी तेव्हा नसेन, हा माझा भित्रेपणा.

साक्षीदार पहिली: शेजारची शिंपीण. सही केली.

साक्षीदार दुसरा: समोरचा गवंडी, मुद्दाम बोलावलेला. वाचल्याशिवाय सही करणार नाही म्हणाला. तिसरे कलम दोनदा वाचले आणि पेन खाली ठेवले.

"ती घरात आहे का?"

"अंगणात. लोकर वाळत घालतेय."

"मग सही नंतर करतो," म्हणाला आणि उठला.

त्यामुळे दुसऱ्या साक्षीदाराची जागा तूर्त रिकामी आहे. कलम २ मी खोडले आहे. ताडपत्री घेऊन मीही अंगणात जात आहे.

स्थळ: कारखान्यामागची खोली
दिनांक: बारा मार्च, सकाळ

सही,
थोरली