लांडग्यांना जमलं नाही ते

ऑर्फे, सुखी राहा.

आज काय झालं ऐक! आधी आला शेजारचा व्हर्जिल, मागून दोन पाहुणे, हातात धातू शोधायचं यंत्र! ओरेगॉनला जाणाऱ्यांच्या जुन्या गाडीवाटेवर ते किंचाळलं नि लागले की मेले खणायला. मी काठी घेऊनच धावले.

"अरे, तिथं आमच्या आजीची तान्ही बहीण निजलीय! लांडग्यांनी उकरू नये म्हणून वाटेतच पुरून वरून बैलगाड्या नेल्या. लांडग्यांना जमलं नाही ते तुम्ही करताय?"

"पण आजी, खूण कुठंय?" एक पाहुणा मला म्हणाला.

"खूण नाही म्हणूनच वाचली ना!"

टोप्या काढल्या दोघा पाहुण्यांनी. सापडलेलं पितळी बटण परत ठेवलं. माती मीच तुडवली. गुडघे ठीक आहेत हो! तुझा खोकला?

रागानं डोकं अजून तापलंय माझं. पण रविवारी येतो म्हणालेत पाहुणे, यंत्र घरी ठेवून, तिथं गवत पेरायला.

तुझी ताई,
हेस्टर