खुशालरावांची मोटार

१२ नोव्हेंबर १९३४, अमरावती

आज चौथी मोटार पाहिली. चौथा मालकही पाहिला. मोटारी एकवेळ परवडल्या!

पहिली बाळापूरच्या एका देशमुखांची. मागच्या बैठकीवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. देशमुख शांतपणे म्हणाले, "ती उठली का चालू करून दाखवू." दुसरीला ब्रेक नव्हता. मालक म्हणे, "उतार आला का डायवर उतरते अन् चाकाखाली धोंडा लावते. आजवर काई झालं नाई." तिसरी चार वर्षांची असं छातीवर हात ठेवून सांगितलं. हत्यारांच्या पेटीत टायरची पावती सापडली — नऊ वर्षांपूर्वीची! मी ती त्याच्या हातावर ठेवली आणि निघालो. त्याला लाजही वाटली नाही. या प्रांतात कापूस भरपूर पिकतो, लाज पिकत नाही.

मला स्वतःला मोटार नको. घरापासून कोर्ट दहा मिनिटांवर. पण तारासाठी हवी. थोरल्या भावाची ही एकुलती मुलगी डॉक्टर होऊन अकोल्याला बसली आहे. खेड्यात बाळंतीण अडली की बैलगाडीने तिच्याकडे आणतात, आणि बहुतेक वेळा गाडी पोचते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून फिरता दवाखाना. मोठी मोटार — उंच चाकांची, काळ्या मातीत न रुतणारी, आत खाट मावेल अशी. माझ्या पाच भाषणांवर अकोल्याच्या कमिटीने वर्गणी जमवली. मोटार निवडण्याचं काम एकमताने माझ्यावर. अध्यक्ष बापूसाहेब म्हणाले, "वकिलाला कोण फसवणार?"

१४ नोव्हेंबर

चौथीबद्दल लिहायचं राहिलं. कँपातल्या खुशालरावांची. अमेरिकन, सात माणसांची, जांभळट रंगाची. खुशालराव जिनिंगवाले. दर दोन वर्षांनी मोटार बदलतात, जसा दुसरा कोणी जोडा बदलेल. माणूस मला आवडत नाही. हातात चार अंगठ्या आणि डोक्यात एकही पुस्तक नाही. पण मोटारीचा आवाज! सुरू केली तेव्हा क्षणभर कळलंच नाही की सुरू झाली. मी आयुष्यभर आवाजावर जगलो आहे. साक्षीदाराने तोंड उघडलं की तिसऱ्या शब्दाला मला कळतं, खरा की खोटा.

खुशालराव म्हणाले, "गणेशोत्सवात तुमचं व्याख्यान ऐकलं. 'ज्या देशात वजनं खोटी, त्या देशात माणसं हलकी' — वा! मी मुनीमजीला ते लिहून ठेवायला सांगितलं."

वाक्य बरोबर सांगितलं त्यांनी. एवढं मान्य केलं पाहिजे.

जेवताना हिला सारं सांगितलं. ही म्हणाली, "तुम्हाला मोटारीचा आवाज आवडला की तुमच्या व्याख्यानाचा?" रमेच्या जिभेला आता धार काढायची गरज राहिलेली नाही.

१५ नोव्हेंबर

सकाळी वलगावची मनकर्णाबाई केळी घेऊन आली. गेली बारा वर्षं ओट्यावर टोपली टेकवते, आणि टोपलीबरोबर सगळ्या गावाच्या बातम्या. हिने मोटारीचं सांगितलं असावं. मनकर्णाबाई मला म्हणते, "वकीलसाहेब, खुशालरावची गाडी घेऊन राहिले म्हने तुमी? पाहून घ्या बाप्पा. त्याचा डायवर परवा माह्याजवळून दोन डझन केळं घेऊन गेला. चांगली नाई, काळी पडलेली! मी म्हनलं, काहून रे, ढोराले चारतं का? तर म्हने, नाई वो बाई, गाडीले!"

"गाडीला?"

"हाव जी. गाडीले. त्याच्या पयले बी नेली होती. कोनी गिऱ्हाईक पाहाले येनार असन का नेते."

मोटार केळी खाते! उद्या सांगेल, ट्रक ऊस चघळतो. या देशात व्याख्यानं द्यायची कोणापुढे? ड्रायव्हरने थट्टा केली आणि या बाईने ती डोक्यावर टोपलीत घालून गावभर फिरवली. मी हसलो तर ती उठली. "हासा. मले काय. माही केळं खपली."

१६ नोव्हेंबर

आज वलगावपर्यंत नेऊन आणली. बरोबर नत्थुजी मिस्त्री. बंबाच्या कारखान्यात वाढलेला, बोटं काळी, बोलणं त्याहून काळं. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन गरमच होतं. ड्रायव्हर म्हणाला, आत्ताच स्टेशनवरून आलो. नत्थुजीने बॉनेटवर तळहात ठेवला. "केव्हा बी या, ही स्टेशनवरूनच आलेली असन."

रस्ता चांगला गेला. कपाशीच्या गाड्यांची रांग होती, तरी एकदा झटका नाही, किरकिर नाही. परत आल्यावर नत्थुजी खाली वाकला. "साहेब, गिअरची पेटी उघडून पाहू द्या. अर्धा घंटा लागन."

खुशालराव हसले नाहीत, रागावलेही नाहीत. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, "उघडा ना. वकीलसाहेबांना माझ्या शब्दावर भरवसा नसेल तर जरूर उघडा."

नत्थुजी म्हणाला, "घोडा घेताना दात पायतेत, साहेब. त्यात घोड्याचा अपमान नाई होत."

काय हा उद्धटपणा! एका गृहस्थाच्या अंगणात, त्याच्या तोंडावर! खुशालराव मला आवडोत न आवडोत, रीत म्हणून काही आहे. मी नत्थुजीला सांगितलं, "पेटी बंद राहू दे. मी ऐकली आहे गाडी."

तो उभा राहून हात पुसू लागला. "आयकली," म्हणाला.

१७ नोव्हेंबर

घेतली. खुशालरावांचा ड्रायव्हरच अकोल्याला पोचवून देणार. एवढं तरी सौजन्य!

२५ नोव्हेंबर, अकोला

समारंभ. मोटार व्यासपीठापुढे उभी, गळ्यात झेंडूचा हार. कमिटीतले लोक तिच्याभोवती असे उभे होते जणू त्यांनीच तिला जन्म दिला. एकाने मला विचारलं, "पण जुनी गाडी — भरवसा काय?" आठ आणे वर्गणी दिलेला माणूस हा! त्याचं उत्तर मी व्यासपीठावरून दिलं. पाऊण तास बोललो. सभा माझ्या मुठीत होती. शेवटी म्हणालो, "भरवसा हवा? मी देतो! येत्या पावसाळ्याच्या आत ही मोटार एक दिवस जरी दवाखान्याच्या कामाला चुकली, तर मी पुन्हा कोणत्याही व्यासपीठावर पाय ठेवणार नाही!"

टाळ्या थांबेनात. तारा पहिल्या रांगेत. तिने टाळी वाजवली नाही. नंतर हळूच म्हणाली, "काका, हे कशाला बोललात?"

डॉक्टर झाल्यापासून तिच्यातला उत्साह कमी झाला आहे.

२ डिसेंबर, अकोला

पहिली फेरी. बाळापूरच्या रस्त्याने. अकरा मैल गेलो आणि मोटार किंचाळली. दुसरा शब्द नाही. डुकराला धरावं तशी. मग पहिला गिअर सुटला, दुसरा सुटला. ओढ्याच्या उतारावर उभी राहिली ती राहिलीच.

कपाशीची एक रिकामी गाडी परत चालली होती. तारा औषधांची पेटी घेऊन तीत चढली. पुढच्या गावात बाई वाट पाहत होती. मी म्हणालो, "थांब, काहीतरी करू." ती म्हणाली, "काका, तुम्ही मोटारीजवळ थांबा." बैलगाडी वळणाआड जाईपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

बाई वाचली, असं संध्याकाळी कळलं. मोटार न जाता वाचली.

कमिटीतल्या कोणाला कळलेलं नाही. ताराने बापूसाहेबांना फक्त "फेरी झाली" असं सांगितलं. खोटं नव्हे.

४ डिसेंबर, अमरावती

नत्थुजीला अकोल्याला बोलावलं. त्याने वरच्या गिअरात ढकलून, कुठेही न थांबता, कशीबशी इथे आणली. अंगणात पेटी उघडली. मी जवळ उभा होतो.

वास आला. ओळखीचा. देवाच्या प्रसादाचा, शिळ्या शिकरणाचा. नत्थुजीने दोन बोटं आत घातली आणि काळा, चिकट लगदा बाहेर काढला. सालीचा तुकडा लोंबत होता.

"केळं," तो म्हणाला. "दात झिजले साहेब. कुरकुर ऐकू येऊ नये म्हून केळं भरतेत. चाळीसेक मैल चालते. मंग सुकते. त्या डायवरनं मूर्तिजापूरले अजून भरली असन, नाई तर अकोल्याले पोचली नसती."

ही दारात उभी होती. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

नवे गिअर मुंबईहून मागवायचे. तिथे नसले तर अमेरिकेहून. तीन महिने!

५ डिसेंबर

खुशालरावांकडे गेलो. जे बोललो ते सारं इथे लिहीत नाही, पण ते छापण्यासारखं होतं. ते सुपारी कातरत ऐकत होते. मग म्हणाले, "वकीलसाहेब, मिस्त्री पेटी उघडत होता. नको कोण म्हणालं? पाहून घेणं हे घेणाऱ्याचं काम. आणि मी ही घेतली तेव्हा तिच्यात भुसा होता. केळी तर आपल्या मातीतली! तुम्हीच म्हणता ना, स्वदेशी वापरा?"

ज्या घरात एक पुस्तक नाही तिथे मला तोंड बंद करून बाहेर यावं लागलं. असल्या माणसांना समाज नमस्कार करतो! त्याच्या अंगठ्यांत जेवढा उजेड आहे तेवढाही त्याच्या मनात नाही. माणूस नव्हे, केळी भरलेली पेटी!

८ डिसेंबर

टाउन हॉलमध्ये बोललो. विषय "व्यवहारातलं सत्य". नाव घेतलं नाही. खुशालराव पहिल्या रांगेत होते. त्यांनी सर्वांत आधी टाळी वाजवली.

१० डिसेंबर

ताराचं पत्र. चार ओळी. कमिटी पुढची फेरी २० तारखेला ठरवते आहे आणि बापूसाहेब स्वतः बरोबर येणार. "काका, खरं काय ते तुम्ही त्यांना सांगा. मी सांगणार नाही आणि खोटंही बोलणार नाही. मला मोटार नसली तरी चालेल, बैलगाडी द्या. पण चालणारी द्या."

सोपं आहे तिला! तिने शपथ घेतलेली नाही. वीस वर्षं मी बोललो म्हणून या जिल्ह्यात माणसं बसल्या जागेवरून उठली. तो आवाज एका खुशालरावाच्या केळ्यांसाठी बंद व्हायचा? आणि माझ्या फजितीवर टाळ्या कोणी वाजवायच्या — त्या आठ आण्याच्या माणसाने?

११ डिसेंबर

एक मार्ग आहे. धामणगावला एका निवृत्त इंजिनीअरची मोठी मोटार विकायला आहे. नत्थुजीने परवा जाऊन पेटी उघडून पाहिली. दात शाबूत. ती घ्यायची, रंग देऊन तीच म्हणून अकोल्याला पाठवायची. कमिटीतल्या एकाला तरी दोन मोटारींतला फरक कळेल का? पण आधी ही विकली पाहिजे. २० च्या आत.

१३ डिसेंबर

चांदूर रेल्वेहून शालिकराम नावाच्या माळ्याचं पत्र. संत्र्याचा बगिचा आहे. स्टेशनवरून प्रवासी नेण्यासाठी मोठी मोटार हवी. दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलंय, पण बोल त्याचेच: "तुमची गाडी विकाची आहे अस आयकलं. परवा पाहाले येतो. खुशालरावची असती तर मिस्त्री आनला असता. तुमी चांदूरले सभेत बोलले ते मी आयकलं आहे, तवा मिस्त्री कायले? चार कोस बसून पाहीन, आवाज आयकीन, अन् घेईन."

आवाज ऐकीन! काय भाबडे असतात हे लोक. आयुष्यभर सांगत आलो, डोळे उघडा, प्रश्न विचारा, शब्दावर जाऊ नका. उपयोग शून्य. न पाहता घेणाऱ्याला कोणीही फसवेल. आणि कायदाही स्पष्ट आहे. वस्तू पारखणं ही घेणाऱ्याची जबाबदारी. मी कुठे म्हणतो आहे की मोटार नवी आहे? तो विचारेल तर सांगेन. विचारावं तर त्याने.

नत्थुजी दुपारी आला. पेटी धुऊन साफ केली, तेल भरलं, चालू केली. ती ओरडली. शेजारच्या घरातून माणसं बाहेर आली. त्याने बंद केली आणि पाना हातात घेतला. म्हणाला, "आपलं काम झालं. झाकनाचे बोल्ट घट्ट आवळू का सैल ठेवू, साहेब?"

मी म्हणालो, "राहू दे तसेच."

त्याने पाना पिशवीत टाकला. मजुरी देऊ लागलो तर म्हणाला, "आजची नको."

मिस्त्री लोकांचाही ताठा वाढत चालला आहे.

१४ डिसेंबर

मनकर्णाबाई आली. ही देवघरात होती. मी स्वतः ओट्यावर गेलो. दोन डझन मागितली. ती वरची पिवळी काढू लागली. मी म्हणालो, ती नकोत, खालची दे. काळी पडलेली.

तिने मोजून दिली. टोपली डोक्यावर घेतली, मग पुन्हा खाली टेकवली.

"वकीलसाहेब, खायाले का गाडीले?"

"खायाले," मी म्हणालो.