एका शालीचे समुद्रोल्लंघन

परमपूज्य, प्रातःस्मरणीय, सत्कारक्षेत्राचे आद्यप्रवर्तक, शालशिरोमणी, श्रीफळभूषण, सन्मानचिन्हमहर्षी, पुष्पगुच्छवाचस्पती, भाईंदर पश्चिमेच्या बाजारपेठेचे भूतपूर्व तथा अभूतपूर्व अलंकार, ज्यांनी स्वतः आजन्म एकही भाषण न करता सहस्रावधी भाषणांना निमित्त पुरविले, अशा आपणांस साष्टांग दंडवत.

अण्णा, एवढे लिहून मी थांबलो. तुम्ही असता तर तिसऱ्या विशेषणालाच म्हणाला असता, "पुढं बोल, गिऱ्हाईक उभं आहे."

तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षे लोटली, तरी दुकान तिथेच आहे: फरसाणवाला आणि मोबाइल दुरुस्तीवाला यांच्यामध्ये दोन्ही खांदे आवळून उभे. शाल, श्रीफळ, फेटा, सन्मानचिन्ह, मानपत्राची चौकट. माणसाचा सत्कार करण्यास जे जे लागते ते सर्व, सत्कारास पात्र माणूस वगळता, आपल्याकडे अजूनही मिळते. मला तुमचा एक दिवस लख्ख आठवतो. मी कॉलेजातून येऊन गल्ल्यावर बसलो आहे. मागच्या सोसायटीतले एक गृहस्थ धापा टाकीत येतात. त्यांचे वडील सकाळीच वारले आहेत, अंगावर घालायला चांगली शाल हवी आहे. मी तत्परतेने खोका उघडतो, आणि तुम्ही आतून येऊन तो माझ्या हातून काढून घेता. त्या गृहस्थांना पाणी देता, पाठीवर हात ठेवता, स्वतः चालत जाऊन कोपऱ्यावरच्या कापडवाल्याकडे पोचवून येता. परत आल्यावर मला एवढेच म्हणता, "आपली शाल घ्यायला मान वाकवता आली पाहिजे. ज्याला वाकवता येत नाही त्याचं दुकान वेगळं." हातची विक्री घालवण्यामागे इतके उदात्त तत्त्वज्ञान असू शकते याचा मला तेव्हा साक्षात्कार झाला, आणि वाणिज्य शाखेत शिकत असल्यामुळे थोडे वाईटही वाटले.

आता वृत्तान्त. इथल्या एका सेवाभावी क्लबाचा मी सन्माननीय सभासद आहे. सन्माननीय अशासाठी की सगळ्या सन्मानांचे सामान माझ्याकडून जाते. या क्लबाने गेल्या हिवाळ्यात सांस्कृतिक आणि व्यावसायिक आदानप्रदानार्थ एक पथक कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर धाडले. नियम असा की प्रत्येकाने तिथल्या आपल्या समव्यावसायिकाच्या घरी राहावे, त्याचा उद्योग पाहावा आणि आपला सांगावा. दंतवैद्य दंतवैद्याकडे, वास्तुविशारद वास्तुविशारदाकडे. पथकाचे नेते होते क्लबाचे माजी अध्यक्ष, जे व्यवसायाने दंतवैद्य आणि स्वभावाने आजी अध्यक्षच आहेत. त्यांनी माझ्या उद्योगाचे इंग्रजीत असे वर्णन कळवले: मान्यवर व्यक्तींच्या अंगावर वस्त्र घालणे, त्यांना पुष्पे वाहणे, त्यांच्या सद्गुणांवर भाषणांची व्यवस्था करणे व त्यांची स्मृती चौकटीत बसवणे. वर्णनात एकही अक्षर खोटे नव्हते.

तुमची सून बॅगेकडे बघून म्हणाली, "लोक तिकडे समुद्रात डुंबायला जातात, आणि तुम्ही शाली घेऊन चाललाय? घामानं निथळतात तिथं माणसं."

"सत्काराला हवामान नसतं," मी म्हणालो.

"हो, अक्कल पण नसते. सनस्क्रीन घेतलंत का?"

माजी अध्यक्षांच्या आग्रहाखातर आम्ही शेंडीसकट नारळही नेले होते. श्रीफळावाचून शाल म्हणजे त्यांच्या मते नुसता कपडा. बेटाच्या विमानतळावर कस्टमच्या बाईंनी ते नारळ टेबलावर ओळीने मांडले, हे कशासाठी म्हणून विचारले, आणि "सन्मानार्थ" असे उत्तर मिळताच शांतपणे खिडकीबाहेर पाहिले. बाहेर, दृष्टी पोचेल तिथवर, माड होते. मग त्यांनी आमचे नारळ जप्त केले, आणि मला वाटते, आमची थोडी कीवही केली.

बाहेर यजमान उभे होते. माझे यजमान भर उन्हात काळ्या सुटात, हातात माझ्या नावाची पाटी, चेहऱ्यावर अपार सहानुभूती. त्यांची गाडी काळी, चकचकीत आणि इतकी लांब की आमच्या दंतवैद्यांना सूक्ष्म मत्सर झाला. "तुला एकदम व्हीआयपी रे," ते म्हणाले. माझी बॅग ठेवायला मागे इतकी ऐसपैस जागा होती की तिच्या शेजारी मीही आडवा मावलो असतो. घरापाशी उतरल्यावर दारावरची पाटी वाचली तेव्हा कळले की ती जागा त्याचसाठी आहे. बेटावरच्या क्लबाने माझे वर्णन काळजीपूर्वक वाचून, पूर्ण विचारांती, मला अंत्यसंस्कार व्यावसायिकाकडे सोपवले होते.

खाली शवपेट्यांचे दालन, वर घर. घरात यजमान, आणि नव्वदीला टेकलेली त्यांची आई. ही माउली हयातभर शवपेट्यांना आतून पांढरे साटीन शिवत आली होती, आणि अजूनही खिडकीपाशी मशीनवर बसत होती. पहिल्याच रात्री जेवताना तिने माझी उलटतपासणी घेतली.

"म्हणजे तुम्ही हे सगळं माणूस जिवंत असताना करता?"

"हो."

"तो समोर बसून ऐकतो?"

"ऐकतो. कधी कधी दोन-दोन तास."

"आणि मरत नाही?"

"श्रोते मरणोन्मुख होतात. सत्कारमूर्ती उलट टवटवीत होतो."

तिने माशाचा एक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. मग मुलाकडे न बघता म्हणाली, "मी इतक्या लोकांच्या पेट्या शिवल्या. प्रत्येकाबद्दल लोक किती छान बोलले. सगळ्यांनी ऐकलं, पेटीतला सोडून. मला माझं ऐकायचंय. हा पाहुणा आहे तोवर करून घेऊ."

यजमानांनी चमचा खाली ठेवला. "आई, नाही."

"मेले तर काय? घरचाच धंदा आहे."

"नाही म्हणजे नाही."

अण्णा, हा गृहस्थ आडमुठा नव्हता. दुसऱ्या दिवशी दालनात मला लाकडांचे प्रकार दाखवता दाखवता तो एका पेटीच्या झाकणावर हात ठेवून थांबला. "तुमच्याकडे चालत असेल," तो म्हणाला. "आमच्याकडे माणसाबद्दल सगळं चांगलं बोलून झालं की मागे एकच काम उरतं, आणि ते काम माझं आहे. गावातल्या सगळ्यांचं मी केलं. तिचं मला करायचं नाही. बोलायला सुरुवात झाली की ते जवळ येतं." एरवी माझ्यापाशी प्रत्येक प्रसंगाला साजेसे सुभाषित तयार असते.  मी त्या झाकणाच्या पॉलिशची तारीफ केली.

इकडे दुसरा पेच. माजी अध्यक्षांना सत्काराचा जो उमाळा आला होता, त्यात नगरपित्यांपासून हॉटेलच्या स्वयंपाक्यापर्यंत सर्वजण शालीखाली आले होते. बसचालकाला तर गाडी चालू असतानाच पांघरली गेली. शेवटच्या दिवशी एकच शाल उरली, गडद मरून, सोनेरी काठाची, आणि ती संध्याकाळच्या निरोपसमारंभात यजमान क्लबाच्या अध्यक्षांना द्यायची हे ठरलेले. ती माझ्याच बॅगेत होती. म्हातारीने बरोबर विचारले, "ती कोणाला?"

"क्लबाच्या अध्यक्षांना."

"त्यांनी काय केलं?"

"ते अध्यक्ष झाले."

तिने मशीन पुन्हा सुरू केले. त्या मशीनच्या आवाजाइतकी बोचरी टीका माझ्या व्यवसायावर आजवर कोणी केलेली नाही.

दुपारी मी खाली गेलो आणि यजमानांना तुमचे ते वाक्य सांगितले. इंग्रजीत ते जरासे लंगडले, पण उभे राहिले. माझे वडील म्हणत, मी म्हणालो, की ज्याला मान वाकवता येते त्यालाच ही शाल. जो गेला त्याला आम्ही ती विकतसुद्धा नाही. म्हणजे तुमच्या दुकानात जे येतं ते आमच्या दुकानात येऊच शकत नाही. दोन रस्ते आहेत, एकमेकांना लागत नाहीत.  मग त्याने रुमालाने कपाळ पुसले. "लवकर उरका," तो म्हणाला.

सोहळा तिच्या शिवणाच्या खोलीत झाला. श्रोते म्हणजे तिचा मुलगा, आणि भिंतीशी उभे केलेले साटीनचे तागे. मी घसा साफ करून आपले सर्वमान्य, सर्वगामी, कोणालाही अंगास येणारे मानपत्र इंग्रजीत सुरू केले: बहुआयामी व्यक्तिमत्त्व, समाजाचा आधारवड, कार्याचा चढता आलेख. आधारवडापाशी तिने हात वर केला.

"हे कोणाबद्दल चाललंय?"

"तुमच्याबद्दल."

"मला ओळखतोस का तू? काहीतरी खरं सांग."

मजपाशी खरे काहीच नव्हते. इतक्या वर्षांच्या माझ्या व्यासंगात कोणी ते मागितलेच नव्हते. मी चाचपडत असताना मागून यजमान बोलू लागले, खाली बघत, अंत्यविधीला बोलतात त्याच हळू आवाजात. "शाळेत माझ्या बाकावर कोणी बसायचं नाही. मढ्यांच्या घरचा म्हणून. ही रोज मधल्या सुट्टीत माशाच्या गरम वड्या घेऊन यायची आणि बाकावर मांडायची. कोणाला काही बोलली नाही. पुढं पुढं त्या बाकावर मलाच जागा मिळेना." तो थांबला. त्याला वाटले असावे, आता काहीतरी घडणार.

"आणि निम्म्याहून जास्त वड्या तूच खायचास," म्हातारी म्हणाली.

"भूक लागायची."

"हं. अजून बोल."

आणि तो बोलत गेला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही; मी बाजूला झालो होतो, आणि सूत्रसंचालक बाजूला झालेला सत्कार मी प्रथमच पाहत होतो. शेवटी त्याच्याकडचे संपले, किंवा बोलवेना. मी शालीची घडी मोडली. तिने मान वाकवली, अण्णा, अगदी व्यवस्थित, जणू आयुष्यभर सराव असावा. तुम्ही शिकवल्याप्रमाणे आधी डावा खांदा, मग उजवा. शेंडीचा नारळ नव्हता, म्हणून अंगणातला एक शहाळ्यासारखा हिरवा नारळ मी गंभीरपणे तिच्या हातात दिला. मुलगा तिच्या तोंडाकडे टक लावून उभा होता.

"काय बघतोस?" ती म्हणाली. "जिवंत आहे मी. रम आण."

संध्याकाळी माजी अध्यक्षांनी मला पडद्यामागे गाठले. "शाल कुठाय?"

"दिली."

"कोणाला दिली? आता त्यांच्या प्रेसिडेंटला काय पांघरू, हॉटेलचा टॉवेल?"

अखेरीस त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा भगवा फेटा उतरवून यजमान क्लबाच्या अध्यक्षांच्या डोक्यावर चढवला. तो फेटा घालून ते रात्रभर स्टीलच्या ढोलांवर नाचले आणि दुसऱ्या दिवशी तसेच विमानतळावर आले. माजी अध्यक्ष माझ्याशी परतीच्या प्रवासात एकही शब्द बोलले नाहीत, आणि तो प्रवास फार निवांत झाला.

ही झाली कीर्ती. आता तुमच्या कानावर जे घालायचे आहे ते निराळेच.

गेल्या आठवड्यात यजमानांचा मेसेज आला, सोबत फोटो. म्हातारी ठणठणीत आहे. शाल तिने एक दिवसही अंगावेगळी केलेली नाही. मशीनवर, बाजारात, क्रिकेट बघताना. रविवारी चर्चला जाताना तिने ती पांढऱ्या झग्यावर घेतली, वाटेत पावसाच्या सरीने गाठले, आणि शालीचा सगळा मरून रंग झग्यावर उतरला. ती शाल टाकायला तयार नाही आणि झगाही टाकायला तयार नाही. मुलगा अत्यंत आदराने विचारतो आहे: ही शाल धुवायची कशी?

मी ठोक व्यापाऱ्याला फोन लावला. तो हसला. "भाई, शाल धोने की चीज थोडी है? ओढाने की है. आज तक किसी ने कम्प्लेंट किया?" हे खरे होते. मग मी ज्यांचे अनेकवार सत्कार झाले आहेत अशा आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना विचारत सुटलो. निवृत्त मुख्याध्यापकांनी कपाट उघडून दाखवले. सगळ्या शाली खोक्यांत, वरच्या टाचण्याही जागच्या जागी. उत्तनच्या मच्छीमार सोसायटीचे जुने चेअरमन म्हणाले, "माल्यावर हायेत ना सगल्या. पन धुतली न्हाय कवा. नेसली कोनी, तर धुवाची ना?"

म्हणजे आपल्या दुकानाच्या समग्र इतिहासात शाल खरोखर वापरणारी ती पहिलीच.

तुमची सून म्हणते मीठ घालून थंड पाण्यात भिजवा. फरसाणवाला म्हणतो व्हिनेगर. लाँड्रीवाल्याने शाल कुठे आहे ते ऐकून हात जोडले. तुम्हाला ठाऊक असते. तुमच्या वेळचा माल वेगळा होता की तुमच्याही वेळी रंग जायचा, हे मला कधी सुचलेच नाही विचारायला. हे पत्र कुठे टाकायचे तेही कळत नाही. तूर्त गल्ल्यावरच्या तुमच्या जुन्या कात्रीखाली ठेवतो. कबूल करायचे तर एवढेच की वर्षानुवर्षे सत्कार-साहित्य विकूनही मी आपल्याकडची एकही शाल आजवर पाण्यात घातलेली नाही, आणि यजमानांना काय लिहावे ते मला माहीत नाही. परवा पुन्हा रविवार आहे, आणि ती पांढरेच घालणार.